जॅझची जुनी एलपी आणि नवा ऑडिओफाइल रीइश्यू: शेजारी ठेवून ऐकायचं कसं

टर्नटेबल घेऊन दोन-तीन महिने झाले की प्रश्न पडतोच, माइल्स डेव्हिस किंवा कोल्ट्रेनची एखादी एलपी घ्यायचीये तर जुनी शोधू की नवा ऑडिओफाइल रीइश्यू (तोच अल्बम, आवाजाची जास्त काळजी घेऊन परत छापलेला) घेऊ, आणि नवा घ्यायचा तर पाच-सहा प्रकार दिसतायत त्यातला कुठला. नेटवर याची उत्तरं ढिगानं मिळतात पण ती दुसऱ्याच्या सिस्टीमवर, दुसऱ्याच्या खोलीत ऐकून दिलेली असतात, आणि तुमचा टू बीएचके कोथरूडला मेन रोडवर आहे. त्यामुळे ही तुलना स्वतः करायला शिका, अवघड काही नाहीये, एक रविवार सकाळ पुरते.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आपण जुनं आणि नवं यांचा सामना लावत नसतो. बहुतेक वेळा टेप तीच असते, १९५०-६० च्या काळात स्टुडिओत भरलेली, आणि त्या टेपवरून लॅकर (ज्या तबकडीपासून एलपीचा साचा बनतो ती) कापताना कुठल्या इंजिनिअरनं काय राखलं, काय आवरलं, काय उचललं एवढंच दोन कॉपींमध्ये वेगळं असतं, वर कारखान्यानं प्रेसिंग, म्हणजे छपाई, किती नीट केलं ते. म्हणून "रीइश्यू चांगला का?" असं विचारण्यात अर्थ नाही, "कोणी कापलाय, कशावरून कापलाय, कुठे छापलाय?" हे विचारा.

अल्बम एकच घ्या, पण पाठ असलेला

पहिल्याच फटक्यात चार अल्बम चार प्रेसिंग असला घोळ घालू नका. एक अल्बम, दोन कॉपी, बास. अल्बम असा निवडा की पुढचा सूर कुठला येणार ते तुम्हाला झोपेतही माहितीये, कारण नवं संगीत ऐकताना कान संगीताकडे जातो, आवाजाकडे जात नाही.

माझ्या मते नवशिक्यासाठी माइल्स डेव्हिसच्या "काइंड ऑफ ब्लू" सारखा दुसरा अल्बम नाही, कारण त्यात एक असा फरक आहे जो कुठलाही कान पकडू शकतो आणि त्यासाठी महागडी सिस्टीम लागत नाही. हा अल्बम न्यूयॉर्कला कोलंबियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत १९५९ मध्ये दोन दिवसांत रेकॉर्ड झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल. मार्चच्या सेशनला मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं, म्हणजे ती टेप बरोबर वेगानं वाजवली की संगीत किंचित चढं आणि जलद वाजतं, आणि पुढची तीसेक वर्षं निघालेल्या सगळ्या एलपींची पहिली बाजू तशीच चढी छापली गेली. त्याच दिवशी शेजारच्या दुसऱ्या मशीनवर सेफ्टी, म्हणजे राखीव, टेप चालू होती, तिचा वेग बरोबर होता. १९९० च्या दशकात ती टेप वापरून दुरुस्त आवृत्त्या यायला लागल्या आणि आताचे बरेचसे चांगले रीइश्यू दुरुस्त वेगाचे असतात.

आता हे घरी तपासायचं कसं तर पुण्यात जवळपास प्रत्येक गाणाऱ्या घरात तानपुऱ्याचं अ‍ॅप असतंच, ते पांढरी दोनवर लावा आणि "सो व्हॉट" सुरू करा. त्यातला मुख्य स्वर पांढरी दोनच आहे (मधे चार-चार मात्रांच्या आठ आवर्तनांत सगळंच अर्ध्या सुरानं वर काळी दोनवर जातं, तेव्हा गोंधळू नका, परत खाली येतं). दुरुस्त कॉपी तानपुऱ्याला चिकटून बसते, जुन्या वेगाची कॉपी त्याच्यावर तरंगत राहते आणि दोघांमध्ये ठोके पडल्यासारखे ऐकू येतात. लगेच बाजू पलटा, तानपुरा पांढरी पाचवर न्या आणि "ऑल ब्लूज" लावा. ही बाजू एप्रिलच्या सेशनची, ती सगळ्या कॉपींवर बरोबरच आहे. "ऑल ब्लूज" जुळतंय आणि "सो व्हॉट" चढं वाटतंय म्हणजे कॉपी जुन्या वेगाची. दोन्ही चढी किंवा दोन्ही उतरलेली वाटतायत म्हणजे तुमचं टर्नटेबलच चुकतंय! एका एलपीत रेकॉर्डचीही परीक्षा होते आणि मशीनचीही, म्हणून मी सगळ्यांना सुरुवात हिच्यापासून करायला सांगतो.

हिच्याशिवाय अजून तीन नावं देतो. बिल एव्हन्सचं "वॉल्ट्झ फॉर डेबी", २५ जून १९६१ ला व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये लाइव्ह रेकॉर्ड केलेलं, त्यात ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुज आहे, चांगल्या कॉपीत ते लोक खोलीत कुठे बसलेत ते कळतं. सॉनी रोलिन्सचं "सॅक्सोफोन कोलॉसस", १९५६ चं, अस्सल मोनो, त्यातल्या "सेंट थॉमस" ची सुरुवात मॅक्स रोच ड्रमवर करतो, ती ड्रमसाठी ऐका. आणि कोल्ट्रेनचं "ब्लू ट्रेन", सप्टेंबर १९५७ चं, त्याच्याकडे मोनो-स्टिरिओच्या ठिकाणी परत येऊ.

हातात नेमकं काय आहे ते ओळखा

कव्हरवर विश्वास ठेवू नका. १९५९ साल छापलेलं कव्हर २०१५ च्या प्रेसिंगलाही असतं. खरं प्रमाणपत्र असतं शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंतच्या मोकळ्या पट्टीत, तिला डेड वॅक्स किंवा रनआउट म्हणतात. मोबाईलचा टॉर्च तिरका धरा, तिथे मॅट्रिक्स नंबर आणि काही खुणा कोरलेल्या दिसतील, तो नंबर जसाच्या तसा डिस्कॉग्स या रेकॉर्डची माहिती देणाऱ्या साइटवर टाकला की तुमची कॉपी कुठल्या वर्षाची, कुठल्या देशाची ते बऱ्याचदा कळतं.

काही खुणा ओळखीच्या करून ठेवा. ब्लू नोट, प्रेस्टीज किंवा इम्पल्स या जॅझ रेकॉर्ड कंपन्यांच्या (लेबलांच्या) एलपीवर "आरव्हीजी" किंवा "व्हॅन गेल्डर" दिसलं तर ती कटिंग रूडी व्हॅन गेल्डरची, म्हणजे ज्यानं मुळात रेकॉर्डिंग केलं त्याच माणसाची. १९५९ च्या उन्हाळ्यापर्यंत तो न्यू जर्सीत हॅकेनसॅकला आई-वडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा, नंतर एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. ब्लू नोटच्या १९६६ पर्यंतच्या प्रेसिंगवर प्लास्टिलाइट कारखान्याची इंग्रजी पी सारखी वळणदार खूण असते, कलेक्टर लोक तिला "कान" म्हणतात आणि त्या एका कानासाठी किंमत कितीतरी पट वाढते. नव्या रीइश्यूवर "केपीजी अ‍ॅट सीए" असं कोरलेलं दिसलं तर ते केव्हिन ग्रेचं काम, "बीजी" म्हणजे बर्नी ग्रंडमन, "आरकेएस" म्हणजे रायन स्मिथ. ही तीन माणसं आज जॅझच्या चांगल्या रीइश्यूंपैकी खूप मोठा वाटा कापतात, त्यांची नावं दिसली की निदान काम जबाबदारीनं झालंय एवढं समजा.

काइंड ऑफ ब्लूच्या अगदी पहिल्या कॉपींना कोलंबियाचं सहा डोळ्यांचं लेबल असतं, मोनोचा नंबर सीएल १३५५ आणि स्टिरिओचा सीएस ८१६३, आणि सुरुवातीच्या काही कॉपींवर दुसऱ्या बाजूच्या दोन गाण्यांची नावं उलटसुलट छापलेली आहेत. पुण्यात असली कॉपी हाताशी येण्याची शक्यता कमीच पण कोणाच्या काकांच्या माळ्यावर काय निघेल सांगता येत नाही, म्हणून सांगून ठेवलं.

आता स्टिकरवरच्या शब्दांबद्दल. "१८० ग्रॅम" हे वजन आहे, गुणवत्ता नाही, जाड एलपी वाकत कमी असेल पण टेपच वाईट असेल तर १८० ग्रॅममध्ये वाईट टेप मिळते. "रीमास्टर्ड" चा अर्थ कोणीतरी परत काहीतरी केलं एवढाच. "अ‍ॅनालॉग टेपवरून" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ आहे, पण त्याचाही धर्म करू नका, २०२२ मध्ये मोबाईल फिडेलिटी या नावाजलेल्या लेबलच्या बऱ्याच रेकॉर्डमध्ये डिजिटल टप्पा (टेप आधी डीएसडी नावाच्या डिजिटल स्वरूपात भरून घेणं) वापरला जात होता हे उघड झालं आणि खूप लोक भडकले, ते रास्तच होतं कारण ग्राहकाला खरं सांगायला हवं, पण त्याच रेकॉर्डना अ‍ॅनालॉगचा कळस म्हणून वाखाणणारे जाणकार कान वर्षानुवर्षं होते हेही तितकंच खरं.

आणि एक सावधगिरी. युरोपात १९६३ च्या आधी प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगचे हक्क संपलेले आहेत (आपल्याकडे प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतात), त्यामुळे तिकडची बरीच लेबलं हे अल्बम कोणाला न विचारता छापू शकतात. त्यांच्याकडे मूळ टेप नसते, बहुतेकदा सीडीसारख्या डिजिटल सोर्सवरून छापतात, कव्हर चकचकीत, किंमत कमी, रंगीत व्हिनाइल. ऐकायला घ्या खुशाल, पण अशा कॉपीवरून "रीइश्यू असलेच असतात" असा निकाल देऊ नका.

मशीन सरळ करा

आपल्याकडे एक खास भानगड आहे. अमेरिकेतल्या आत्यानं किंवा मामानं आणलेलं जुनं बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल अनेक घरांत असतं आणि त्याला व्होल्टेज कन्व्हर्टर लावला की काम झालं असं लोकांना वाटतं. कन्व्हर्टर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०, आणि एसी सिंक्रोनस मोटर फ्रीक्वेन्सीवर चालते, म्हणजे तुमची ३३ ची एलपी २८ च्या आसपास फिरणार. त्याला ५० हर्ट्झची पुली लागते. डीसी मोटरवाल्या किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट-ड्राइव्ह मशीनला हा त्रास नाही. वेग मोजायला मोबाईलची आरपीएम अ‍ॅप चालतात, आणि वर सांगितलेली "ऑल ब्लूज"ची परीक्षा आहेच.

सुईचं वजन कार्ट्रिजच्या कंपनीनं सांगितलेल्या हद्दीत ठेवा, छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. टर्नटेबल लेव्हलमध्ये आहे का ते बघा. दोन्ही कॉपी त्याच सुईवर, त्याच प्रीअ‍ॅम्पवर ऐकायच्या, मधे काहीही बदलायचं नाही. केबल-बिबलच्या नादी आत्ता लागू नका, अर्थिंगचा हम येत असेल तर मात्र आधी तो घालवा, वायर-प्लग जे लागेल ते तपकीर गल्लीत मिळून जाईल.

दोन्ही कॉपी धुवा, नवीसुद्धा

जुनी कॉपी मळकी आणि नवी स्वच्छ अशी तुलना म्हणजे जुन्या कॉपीवर अन्याय. बऱ्याच वेळा ज्याला आपण "जुन्या प्रेसिंगचा धुरकट आवाज" म्हणतो तो साठ वर्षांचा मळ असतो. नव्या कॉपीच्या खाचांतही कागदाचे कण आणि कारखान्यातली धूळ असते. डिस्टिल्ड वॉटर वापरा, बॅटरीच्या दुकानात कॅन मिळतो, बोअरचं किंवा टँकरचं पाणी अजिबात नको कारण त्याचे क्षार खाचेत वाळून बसतात आणि मग आयुष्यभर टिकटिक. पाण्यात थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं फिरवा, लेबल भिजू देऊ नका, मग साध्या डिस्टिल्ड पाण्यानं परत एकदा, आणि उभं ठेवून वाळवा. हे फक्त एलपीसाठी हं, आजोबांच्या ७८ च्या तबकड्यांना अल्कोहोल चुकूनही लावू नका, त्या लाखेच्या असतात, लाख विरघळते.

आवाजाची पातळी सारखी करा

सगळ्यात महत्त्वाचं हे, आणि हे न करता केलेली कुठलीही तुलना मी मनावर घेत नाही. प्रत्येक एलपी वेगवेगळ्या पातळीवर कापलेली असते. व्हॅन गेल्डर जोरात कापायचा, आजचे काही रीइश्यू शांत कापलेले असतात कारण त्यात कॉम्प्रेशन कमी आणि चढउतार जास्त ठेवलाय. आता माणसाच्या कानाची गंमत अशी की एखाद डेसिबलचा फरक "मोठा आवाज" म्हणून कळत नाही, तो "जास्त जिवंत", "जास्त मोकळा" असा कळतो. म्हणजे व्हॉल्यूमचा नॉब न हलवता तुम्ही दोन कॉपी लावल्या तर जी जोरात कापलीये ती जिंकणार, आणि तुम्ही प्रामाणिकपणे सांगाल की तिच्यात जीव आहे.

करायचं असं: तुम्ही बसता तिथे कानाच्या उंचीवर मोबाईल ठेवा, साउंड लेव्हल मीटरचं अ‍ॅप लावा, दोन्ही कॉपींवरचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा वाजवा आणि सरासरी आकडा बघा. नॉब फिरवून दोन्ही आकडे अर्ध्या डेसिबलच्या आत आणा आणि नॉबच्या शेजारी मास्किंग टेपवर दोन खुणा करून ठेवा, अ साठी एक आणि ब साठी एक. मोबाईलचा आकडा खरा-खोटा असण्यानं फरक पडत नाही, दोन्ही वेळा तोच मोबाईल त्याच जागी आहे एवढं पुरे. पंखा बंद ठेवा, मीटरसाठीही आणि ऐकण्यासाठीही. आणि वेळ सकाळी सहा-साडेसहाची किंवा रात्री अकरानंतरची धरा, एरवी कुकरच्या शिट्ट्या आणि खालचे हॉर्न यात ब्रशनं वाजवलेला स्नेअर कुठला ऐकू येतोय.

ज्यांना जमेल त्यांनी पुढची पायरीही करावी. फोनो प्रीअ‍ॅम्पमधून यूएसबी इंटरफेसनं दोन्ही कॉपींचा तोच तुकडा कॉम्प्युटरवर घ्या, ऑडॅसिटी फुकट आहे, २४ बिट ९६ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करा, लाउडनेस नॉर्मलायझेशननं दोन्ही सारखे करा, आणि घरातल्या कोणालातरी सांगा की मला न सांगता उलटसुलट लाव. कान आवाजाचे बारकावे फार वेळ लक्षात ठेवत नाही, एलपी बदलून सुई टाकेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं, इथे मात्र क्षणात अ वरून ब वर जाता येतं. "पण मग ते डिजिटल झालं ना" अशी हरकत येते, आपल्याला दोन कॉपींमधला फरक ऐकायचाय आणि तो रेकॉर्डिंगमध्ये शिल्लक राहतो, निकाल लागला की परत एलपीवर या.

ऐकायचं काय

गाणं एकच, जागा एकच. एलपी आत आत जाते तसा आवाज बिघडत जातो कारण बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर व्हिनाइल जातं, आणि लेबलजवळ फक्त २१ च्या आसपास, तेवढ्यात सगळा आवाज बसवायचा असतो. म्हणून एका कॉपीचं पहिलं गाणं आणि दुसरीचं शेवटचं असली तुलना करू नका. याचमुळे ४५ आरपीएमचे दोन-एलपीवाले रीइश्यू निघतात, वेगही जास्त आणि संगीत चार बाजूंवर पसरलेलं. काइंड ऑफ ब्लूच्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं "ब्लू इन ग्रीन", माइल्सच्या ट्रम्पेटला हार्मन म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावलेला आहे, अतिशय नाजूक. ३३ च्या झिजलेल्या कॉपीत त्या ट्रम्पेटला खरखरीत कड येते, ४५ वर तो सूर सरळ उभा राहतो. ४५ चे पैसे कशासाठी द्यायचे ते इथे कळतं, आणि दहा-पंधरा मिनिटांनी उठून बाजू बदलायची तुमची तयारी आहे का तेही.

सिंबलपासून, म्हणजे ड्रमच्या झांजेपासून, सुरू करा. "सो व्हॉट" मध्ये सुरुवातीचा संथ भाग आणि मग बासनं म्हटलेला मुखडा संपतो आणि माइल्सचा सोलो सुरू होतो त्या क्षणाला ड्रमर जिमी कॉब एक क्रॅश सिंबल मारतो. त्या सिंबलची शेपूट किती लांब जाते ते मोजा. झिजलेल्या किंवा वाईट कापलेल्या कॉपीत नुसतं "च्छ" येतं आणि खलास, चांगल्या कॉपीत झांजेचा "च्छिंऽऽऽ" ट्रम्पेटच्या मागे विरत जातो. थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओ हे मुळात जुनं चर्च, छत खूप उंच, तो घुमारा टेपवर आहे, तुमच्या कॉपीत उतरलाय का बघा.

मग पॉल चेंबर्सचा बास. इथे लोक "बास किती आहे" ते ऐकतात, ऐकायचं असतं ते बासचे स्वर वेगळे कळतात का. डग्ग्यावर तळवा सरकवला की सूर जसा वाकताना ऐकू येतो तसा डबल बासच्या तारेवर बोट ओढल्याचा, तार सुटल्याचा आवाज यायला हवा, तुम्हाला ती ओळ गुणगुणता यायला हवी. नव्या रीइश्यूंची खरी कमाई बहुतेक वेळा इथेच असते. १९५० च्या दशकात साध्या प्लेअरवर सुई उडू नये म्हणून कटिंग करताना खालचा बास आवरला जायचा आणि आवाज दाबून सपाट केला जायचा, आज तशी गरज नाही म्हणून केव्हिन ग्रेसारखा माणूस टेपवर जे आहे ते जास्त सोडू शकतो. उलट जुन्या कॉपीच्या बाजूनं एक मोठा मुद्दा असा की ती कापली तेव्हा टेप ताजी होती. साठ-सत्तर वर्षांत टेपची वरची फ्रीक्वेन्सी थोडी मरते, कुठे कुठे ड्रॉपआउट येतात म्हणजे आवाज क्षणभर गळतो, आणि ते कुठल्याच इंजिनिअरला पूर्ण परत आणता येत नाही. म्हणून चांगल्या अवस्थेतल्या जुन्या व्हॅन गेल्डर कटिंगमध्ये ट्रम्पेट जसा अंगावर येतो तसा रीइश्यूत कधीकधी येत नाही. मला स्वतःला विचाराल तर ताल आणि बाससाठी मी रीइश्यू धरतो, ब्रासच्या झणझणीतपणासाठी जुनी कॉपी, आणि एकच ठेवायची झाली तर रीइश्यू, कारण शांत पृष्ठभागावर पियानो ऐकण्याचं सुख मला जास्त मोलाचं वाटतं.

पियानोबद्दल बोलायचं तर व्हॅन गेल्डरचा पियानो बऱ्याच अल्बमवर थोडा कोंदट, पेटीत ठेवल्यासारखा येतो, तो तुम्हाला दोन्ही कॉपींवर कोंदटच ऐकू येईल. हा नियम लिहून ठेवा: जो दोष दोन्ही कॉपींत आहे तो टेपवरचा, जो एकीतच आहे तो कटिंगचा किंवा प्रेसिंगचा.

टेपची हिस ऐका, म्हणजे संगीत सुरू व्हायच्या आधी येणारं ते बारीक "शूऽऽ". नवशिक्यांना वाटतं हिस म्हणजे खराबी. उलट आहे. १९५९ च्या टेपवर हिस असणारच आणि एखाद्या रीइश्यूत ती पूर्ण गायब असेल तर कोणीतरी नॉइज रिडक्शन फिरवलंय, आणि त्याबरोबर सिंबलची हवाही गेलीये. मला हिस ऐकू आली की बरं वाटतं.

हे तुकडे ऐकून झाले की एक दिवस जाऊ द्या आणि मग दोन्ही कॉपींची अख्खी बाजू ऐका, काहीही न तपासता. तुकड्यात चमकदार वाटलेली कॉपी वीस मिनिटांत कान दमवते असं खूपदा होतं.

मोनो की स्टिरिओ

स्टिरिओ एलपी बाजारात यायला लागल्या १९५८ पासून. त्याआधीचे बहुतेक अल्बम मोनोच आहेत, आणि त्यांच्या १९६० च्या दशकातल्या "इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड फॉर स्टिरिओ" लिहिलेल्या कॉपी कितीही स्वस्त मिळाल्या तरी सोडून द्या, तो खोटा स्टिरिओ आहे. "ब्लू ट्रेन" च्या वेळी व्हॅन गेल्डर मोनो आणि दोन ट्रॅकची टेप दोन्ही भरत होता, म्हणून २०२२ मध्ये ब्लू नोटच्या टोन पोएट मालिकेत तो अल्बम मोनो आणि स्टिरिओ असा वेगवेगळा निघाला. सुरुवातीच्या स्टिरिओत वाद्यं अगदी डावीकडे आणि उजवीकडे ढकललेली असतात, हेडफोनवर ते त्रासदायक होतं. स्पीकर जवळजवळ ठेवलेल्या लहान खोलीत मोनो कॉपी जास्त घट्ट वाटते. अ‍ॅम्पला मोनोचं बटण असेल तर मोनो एलपी लावताना ते दाबा, खाचेतली बरीचशी खरखर तिथल्या तिथे कमी होते. मोनो आणि स्टिरिओ कॉपींची आपसात तुलना मात्र सुरुवातीला नको, ती बऱ्याचदा दोन वेगळी मिक्स असतात.

मग घ्यायचं काय, आणि पुण्यात कसं

पैसे बेताचे असतील तर ब्लू नोटची क्लासिक व्हिनाइल मालिका आणि क्राफ्ट या कंपनीनं २०२३ पासून परत सुरू केलेली ओरिजिनल जॅझ क्लासिक्स मालिका, दोन्हीची कटिंग केव्हिन ग्रेची. त्याच्या वर टोन पोएट, गेटफोल्ड म्हणजे पुस्तकासारखं उघडणारं जाड कव्हर, ब्लू नोटच्या फ्रान्सिस वोल्फनं काढलेले फोटो मोठे छापलेले. व्हर्व्ह आणि इम्पल्सच्या अल्बमसाठी अकूस्टिक साउंड्स मालिका बघा. अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्स कंपनीच्या यूएचक्यूआरसारखे महागडे बॉक्स कान तयार झाल्यावर. जुन्यातलं काही हवं असेल तर १९८० च्या दशकातल्या ओरिजिनल जॅझ क्लासिक्सच्या साध्या कॉपी आणि जपानी किंग प्रेसिंग शोधा, पृष्ठभाग शांत असतो आणि ओरिजिनलच्या मानानं किंमत माणसात असते. ब्लू नोटच्या खऱ्या पहिल्या प्रेसिंगच्या वाटेला नवशिक्यानं जाऊ नये, काही नावं हजारो डॉलरला जातात आणि एवढं देऊनही कॉपी खरवडलेली निघू शकते.

मंगळवार पेठेतला जुना बाजार, रविवार-बुधवार, तिथे जाच, पण जॅझच्या आशेनं जाऊ नका. हिंदी फिल्मी, नाट्यगीतं, भावगीतं यातूनच एखादी विदेशी एलपी निघते. निघाली तर उन्हात तिरकी धरून बघा, नखाला लागणारा चरा असेल तर ठेवून द्या, केसासारख्या रेषा असतील तर धुवून चालतात. जुने कलेक्टर शहरात आहेत, ओळख काढा, ते ऐकवायला फार उत्सुक असतात आणि स्वतःचं काही न विकत घेता दोन प्रेसिंग शेजारी ऐकण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे.

बाहेरून मागवताना एलपीच्या किमतीवर जाऊ नका, शिपिंग, कस्टम ड्यूटी, टॅक्स आणि कुरिअरचं वरचं शुल्क धरून घरपोच किती पडते तो आकडा काढा, तो बऱ्याचदा इथल्या दुकानाच्या किमतीच्या जवळ येतो आणि दुकानात निदान बदलून मिळण्याची सोय असते. दोघं-तिघं मिळून मागवलं तर शिपिंग वाटून जातं. एप्रिल-मेमध्ये पार्सल कुरिअरवाल्याकडे पडून राहू देऊ नका, उन्हात तापलेल्या गाडीत एलपी वाकते. पावसाळ्यात कागदी आतली पाकिटं बुरशी धरतात, ती काढून पॉलीची टाका, एलपी उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा.

नवीन एलपी आली की त्याच आठवड्यात दोन्ही बाजू पूर्ण ऐका, परत करायची मुदत संपायच्या आत. वाकलीये का ते दिसतंच. भोक मध्यभागी आहे का ते लांब ओढलेल्या पियानोच्या किंवा ट्रम्पेटच्या सुरावर कळतं, भोक सरकलेलं असेल तर सूर प्रत्येक फेऱ्याला वर-खाली डुलतो, आणि टोनआर्मकडे वरून बघितलं तर तोही डावी-उजवीकडे हलताना दिसतो. तक्रार करताना फोटो पाठवून उपयोग नाही, टोनआर्म हलतोय आणि मागे सूर डुलतोय असा पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा, सोबत रनआउटचा मॅट्रिक्स नंबर लिहा, आणि बदली कॉपी आली की तिचाही नंबर आधी तपासा.